जग बुडाल्यावर नाटक कोण बघतं?

गेल्या अंकात एमिली सेंट जॉन मँडेल या कॅनेडियन लेखिकेच्या 'स्टेशन इलेव्हन'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, पान भरत नव्हतं म्हणून, खरं सांगते, आणि त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं दिवाळी अंकांचं ठरलेलं सगळं बाजूला ठेवावं लागलं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: २०१४ची कादंबरी. एक फ्लू येतो, काही आठवड्यांत जगातली ९९ टक्क्यांहून जास्त माणसं जातात, मग वीज नाही, पेट्रोल नाही, सरकार नाही, आणि वीस वर्षांनी उत्तर अमेरिकेतल्या त्या समुद्राएवढ्या सरोवरांच्या काठाकाठाने नटांचा आणि वादकांचा एक ताफा गावोगाव फिरतोय, शेक्सपिअरचे प्रयोग करत. बाकी उत्तरांत येईलच. शेवट फोडणार नाहीये, निर्धास्त वाचा.

प्रश्न: ताई, तुमचं ऐकून आमच्या वाचनकट्ट्याने ही कादंबरी घेतली. शंभर पानं झाली. मारामारी नाही, झोंबी नाहीत, रोग आला कसा तेही दोन वाक्यांत उरकलंय. मधेच वीस वर्षं पुढे, मधेच पंधरा वर्षं मागे, आणि मग एका फिल्मस्टारचे घटस्फोट. जग संपलंय आणि ही बाई घटस्फोट काय सांगत बसलीये? सोडून देऊ का? (एक वाचक, सातारा)

घटस्फोट वाचून मीही पहिल्यांदा वैतागले होते, त्यामुळे तुम्हाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण सोडू नका. एक युक्ती सांगते, आमच्या गटात चालली ती: पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने प्रत्येक पात्राचं नाव लिहा आणि पुढे लिहा की जग बुडालं तेव्हा त्याचं वय काय होतं. लायब्ररीची प्रत असेल तर चिठ्ठीवर लिहा, पुस्तकावर नको. कर्स्टन, त्या ताफ्यातली नटी, आठ वर्षांची. क्लार्क, पन्नाशीचा. विमानतळावर जन्मलेली पोरं, शून्य. हे एकदा समोर आलं की मागेपुढे उड्या मारणं आपोआप जागेवर बसतं, कारण या कादंबरीत हाणामारी माणसामाणसांत फार थोडी आहे, खरी ओढाताण आहे ती ज्यांना आठवतं आणि ज्यांना आठवत नाही त्यांच्यात.

कर्स्टनला तो पहिला वर्षभराचा काळ आठवतच नाही, तिने काय बघितलं काय केलं सगळं पुसलं गेलंय, आणि ती म्हणते ते असं काहीसं आहे की ज्यांना जास्त आठवतं त्यांचंच जास्त गेलंय. उलट क्लार्क. तो एका विमानतळावर अडकतो आणि तिथेच म्हातारा होतो, आणि विमानतळाच्या लाउंजमधे एक म्युझियम मांडून बसतो. बंद पडलेले मोबाइल, क्रेडिट कार्डं, उंच टाचांचे सँडल. त्यात एक काचेचा गोळा आहे, हलवला की आत बर्फ पडतं तसला, आपल्याकडे हिल स्टेशनच्या दुकानांत मिळतो तो. क्लार्क तो हातात घेऊन विचार करत बसतो की हा बनवायला किती हात लागले असतील. बर्फाचे कण कसे असावेत हे कुणीतरी ठरवलं, कारखान्यात एका बाईने हातमोजे घालून तो खोक्यात ठेवला, जहाजावरचे खलाशी रात्री खाली पत्ते खेळत असतील आणि वर कंटेनरमधे हा गोळा. दीडएक पान असेल नसेल. मला विचाराल तर अख्खी कादंबरी त्या पानासाठी वाचावी, आणि ते पान सरळ उघडून वाचलंत तर काही वाटणार नाही, त्याच्या आधीचे ते घटस्फोट-बिटस्फोट वाचलेले लागतात. म्हणून म्हणते, थांबा.

आमच्या गटात एक इंदापूरकडच्या आहेत. त्यांचं मूळ गाव उजनी धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. यांचे आजोबा होडीत कधी बसले नाहीत. काठावर उभं राहून हाताने दाखवायचे, ती तिथं चावडी, ते तिथं आपलं परडं, तिथं विहीर, गोड पाण्याची. आणि नातवंडं विचारायची, "मग आजोबा, तेव्हा मासे कुठनं आणायचे?" पोरांना पाणी म्हणजेच गाव. त्या हे हसत हसत सांगत होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या. कादंबरीत विमानतळावरच्या पोरांना विमान उडायचं हे शाळेत शिकवावं लागतं, ते वाचताना तुम्हाला हे आजोबा आठवले तर शंभराव्या पानावर पुस्तक खाली ठेवणार नाही तुम्ही.

एक मात्र कबूल: त्यातला तो प्रेषित, म्हणजे स्वतःला देवाचा माणूस म्हणवणारा खलनायक, तो भाग मला कच्चा वाटतो. थोडा थरार पाहिजे म्हणून घातल्यासारखा. तिथं भराभर वाचलंत तरी चालेल.

प्रश्न: मी वीज खात्यातून निवृत्त इंजिनिअर. नातीने वाचायला दिली. भाषा छान असेल हो, पण वीस वर्षांत एकालाही एक साधा जनरेटर नीट चालवता येत नाही? नदी आहे, धबधबे आहेत, सोलर पॅनल आहेत. हे पटत नाही. (एक वाचक, नाशिक)

काका, तुमचं बरोबर आहे आणि लेखिकेची बाजू घ्यायला माझ्याकडे फार काही नाही. तिला त्यात रस नाही, सरळ गोष्ट. तरी थोडं म्हणते. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारताची विजेची ग्रिड पडली होती ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लक्षात असेल, दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोक अंधारात होते, आणि तरी बहुतेक ठिकाणी वीज काही तासांत परत आली. ती आपोआप नाही आली. थर्मल स्टेशन सुरू करायलाच आधी वीज लागते, म्हणून मग जलविद्युत केंद्र उठवायचं, तिथून थोडी थोडी वीज पुढे न्यायची, लोड सांभाळायचा, फ्रिक्वेन्सी पन्नासच्या आसपास धरून ठेवायची, आणि या प्रत्येक ठिकाणी फोन उचलणारा एक जाणकार माणूस पाहिजे. शंभरातला जेमतेम एक उरला, आणि तोही दंतवैद्य निघाला, तर? पेट्रोलही ठेवून ठेवून शिळं होतं, इंजिन घेत नाही. म्हणूनच त्या ताफ्याच्या गाड्या म्हणजे जुने पिकअप ट्रक आहेत, इंजिन आणि सगळं जडपण काढून टाकलेलं, चाकं पोलादाची आणि लाकडाची, आणि पुढे घोडे जुंपलेले. हे चित्र मला फार आवडलं. ट्रकची बैलगाडी झाली म्हणा ना.

आणि एक प्रसंग तुमच्यासाठीच आहे, सुटला असेल तर परत बघा. एका गावात एकाने माळ्यावर सायकल बसवलीये, जोरात पेडल मारलं की लॅपटॉप चालू होतो. तो एवढी खटपट विजेसाठी करतच नाहीये, तो इंटरनेट शोधतोय!

पण व्यवस्था कशी कोसळते ते नीट, पायरी पायरीने पाहिजे असेल तर तुम्ही जॉर्ज स्टुअर्टची 'अर्थ अबाइड्स' वाचा. १९४९ची आहे. हा बर्कलीला इंग्रजीचा प्राध्यापक होता आणि गोष्टही तिथलीच, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची. माणसं गेल्यावर आधी मुंग्यांचा सुळसुळाट होतो, मग उंदरांचा, मग तेही उपाशी मरतात. दिवे बराच काळ चालू राहतात आणि एके रात्री मंद होत होत जातात. नळाला पाणी मात्र येत राहतं, वर्षानुवर्षं, आणि उरलेली मंडळी ते पितात आणि कुणाच्या मनातही येत नाही की हे येतं कुठून, आणि एक दिवस नळ सुकतो. नायक शिकलेला माणूस, विद्यापीठाची लायब्ररी जपून ठेवतो पोरांसाठी, पोरं ढुंकून बघत नाहीत. शेवटी वैतागून तो त्यांना धनुष्यबाण करायला शिकवतो, तेही खेळणं म्हणून. काका, तुम्हाला ही जास्त आवडेल. नातीला परत देताना रागावू नका फक्त.

प्रश्न: मी एकांकिका करते, एकोणीस वर्षांची आहे. मला कन्सेप्ट भारी वाटली पण खरं सांगू का, खायला नाही तिथं लोक किंग लिअर बघतील? का बघतील? आणि शेक्सपिअरच का, नवीन काही का नाही करत ते? (एक वाचक, कोल्हापूर)

अगं, नवीन करून झालेलं असतं त्यांचं. सुरुवातीच्या वर्षांत ते अलीकडची नाटकंही करायचे, लोकांना शेक्सपिअर जास्त आवडतो असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्यातलाच एक जण म्हणतो की लोकांना त्या जगातलं उत्तम होतं ते पाहिजे असतं. मला हे उत्तर जरा गोग्गोड वाटतं. त्यापेक्षा दुसरं कारण जास्त पटतं, तेही पुस्तकातच आहे: शेक्सपिअरने स्वतः साथीच्या काळात नाटकं लिहिली. प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं सारखी बंद व्हायची, १५९२ ते ९४ तर जवळजवळ बंदच होती, आणि किंग लिअरचा राजापुढचा प्रयोग १६०६च्या २६ डिसेंबरला झाला तेही प्लेग मागेपुढे असतानाच. तेही मेणबत्तीच्या उजेडात, हेही मेणबत्तीच्या उजेडात. मधली चारशे वर्षं विजेची आणि विमानांची म्हणजे एक मध्यंतर झालं, असं वाटायला लागतं वाचताना.

आणि उपाशी लोक नाटक बघतील का हे तू कोल्हापुरात बसून विचारतेस? आपल्याकडे फड कुठे फिरले, भरल्या पोटाच्या गावांत फक्त? चैत्र-वैशाखात जत्रा, आणि जत्रा म्हटली की तमाशा, दुष्काळ असला तरी सुपारी द्यायला गाव वर्गणी काढतं. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन तारखा ठरवून जातात. २०२०ला नेमका त्या वेळी लॉकडाऊन लागला आणि अख्खा हंगाम गेला. कलावंतांचे हाल झाले त्याबद्दल खूप छापून आलं, पण त्या वर्षी गावांनाही चुकल्यासारखं झालं, ते कुणी फारसं लिहिलं नाही. माझ्या मामाच्या गावी देवाची पालखी चार माणसांनी गुपचूप फिरवली, आणि रात्री, मामा सांगत होता, लोक आपापल्या ओट्यावर उगाच जागे बसले होते. बघायला काही नव्हतं. सवयीने बसले होते.

तू नाटकवाली आहेस म्हणून अजून एक. कादंबरी सुरू होते ती टोरंटोच्या एल्गिन थिएटरमधे, किंग लिअरचा प्रयोग चालू असताना, आणि लिअर करणारा नट चौथ्या अंकात स्टेजवरच कोसळतो. त्याच रात्री शहरात फ्लू पोचलेला असतो. लिअर का, तर सगळं वाटून टाकलेला आणि मग उघड्यावर पडलेला राजा. आपल्याला हा राजा परका नाहीच, शिरवाडकरांनी १९७०मधे 'नटसम्राट'मधे त्याला गणपतराव बेलवलकर करून आपल्या घरात आणून बसवलाय. 'कुणी घर देता का घर' माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. विंदा करंदीकरांनी केलेला 'राजा लिअर'चा अनुवाद मिळाला तर तो आधी वाच, निदान वादळाचा प्रवेश, आणि मग कादंबरी उघड. तुला पहिल्या दहा पानांत दुप्पट मजा येईल, बाकीच्यांना जे नुसतं 'स्टेजवर हार्ट अटॅक' वाटतं ते तुला तसं वाटणार नाही.

प्रश्न: जीवन चौधरी नाव बघून मी पुस्तक घेतलं. पण तो तर भारतीय वाटतच नाही, ना जेवण, ना भाषा, ना घरचे. (एक वाचक, हैदराबाद)

नाही वाटत. टोरंटोत वाढलेला माणूस आहे, आधी फिल्मस्टारचे चोरून फोटो काढायचा आणि आता पॅरामेडिकचं शिकतोय, लेखिकेने त्याच्या नावापलीकडे भारत आणलेला नाही. मला ते बरं वाटलं उलट. नाहीतर आडनाव चौधरी म्हटलं की लगेच हळदीचा वास यायला लागतो अशा कादंबऱ्या कमी आहेत का.

प्रश्न: दुसऱ्या लाटेत माझे मिस्टर गेले. मैत्रिणींच्या ग्रुपमधे सगळ्या हे पुस्तक वाचतायत, मला पण वाटतं वाचावं, पण भीती वाटते. वाचू का? (एक वाचक)

नाही वाचलंत तरी चालेल. हे आधी सांगते कारण वाचणाऱ्या मैत्रिणींत आपण मागे पडतोय असं वाटतं कधी कधी, आणि त्यापायी माणूस नको ते हातात घेतो.

वाचायचंच असेल तर काय कुठे आहे ते सांगते, मग तुम्ही ठरवा. हॉस्पिटल फार थोडं आहे, तेही फोनवरून कळणारं. आजारपणाचं बारकाईने वर्णन जवळपास नाही. जड आहे ते वेगळ्याच ठिकाणी. जीवन आणि व्हीलचेअरवरचा त्याचा भाऊ, दोघं एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमधे आठवडेच्या आठवडे बंद असतात, ती प्रकरणं. आणि विमानतळाच्या टोकाला एक विमान उभं असतं, त्यातून कुणी उतरतच नाही, दार उघडतच नाही. आत काय झालं ते तिने उलगडून लिहिलेलं नाही. मी ते वाचून रात्रभर जागी होते आणि माझ्या घरातलं कुणी गेलेलं नाही. तेव्हा दिवसा वाचा, संध्याकाळी नको, आणि सहावं प्रकरण आधी वाचून बघा. ते लहानसं आहे, काय काय उरलं नाही याची नुसती यादी, पोहण्याच्या तलावातल्या उजेडापासून सुरू होणारी. ते झेपलं तर बाकीचं झेपेल. आणि कॉर्मॅक मॅकार्थीची 'द रोड' कुणी याच्याच जोडीने सुचवली तर सध्या घेऊ नका. ती उत्तम आहे, २००७चं पुलित्झर मिळालेली, बाप आणि मुलगा राखेतून चालत राहतात, पण तिच्यात हात धरायला जवळजवळ काहीच ठेवलेलं नाही. मुलाला बाप एक कोकचा डबा सापडवून देतो, मुलाने आयुष्यात कधी प्यालेला नसतो, आणि तो म्हणतो तुम्ही पण घ्या. आठवलं तरी गळा दाटतो. नकोच ते आत्ता.

प्रश्न: असलं सगळं पाश्चात्त्यांनाच का सुचतं? आपल्याकडे जग बुडाल्यावरचं काही नाही का? (एक वाचक, पणजी)

असं कसं म्हणता हो. आपल्याकडे तर महाभारतातलं मौसलपर्व आहे! युद्ध कधीच संपलंय, कृष्ण गेलाय, अर्जुन द्वारकेतल्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन निघतो आणि मागे समुद्र शहर गिळतो. वाटेत आभीर लुटारू गाठतात, शस्त्रं म्हणजे नुसत्या काठ्या. आणि अर्जुनाला, अर्जुनाला हो, गांडीवाला दोरी चढवताना धाप लागते. अस्त्रं आठवत नाहीत. न संपणारे भाते संपतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकाने बडवत सुटतो आणि डोळ्यांदेखत बायका ओढून नेल्या जातात. वरच्या नाशिकच्या काकांनी विचारलं ना की एकालाही जनरेटर चालवता येत नाही का, तर हे बघा, ज्याला सगळं येत होतं त्याचीच गोष्ट. इरावती कर्व्यांनी 'युगान्त' हे नाव उगाच नाही दिलं पुस्तकाला.

अलीकडचं म्हणाल तर नारळीकरांची 'हिमप्रलय', मुंबईत बर्फ पडतं त्यात, पण नारळीकरांचा पिंड वैज्ञानिकाचा, संकट आलं की त्यावर उपाय शोधणारा, बुडालेल्या जगात वीस वर्षं राहून बघणारा नाही. आणि घरातल्या आठवणी विचारा की. प्लेगच्या वेळी उंदीर पडायला लागले की गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहायचे, महिनोन्महिने, हे ऐकलेली माणसं अजून आहेत. तिथं स्वयंपाक कसा चालायचा, पोरं काय खेळायची, कुणी गाणी म्हणायचं का, हे कुणीतरी कादंबरीत लिहायला पाहिजे होतं. लिहिलेली माझ्या वाचनात तरी नाही आली. तुम्हाला माहीत असेल तर कळवा, जागा देते.

प्रश्न: हे पुस्तक मी वाचलं आणि नवऱ्याला गोष्ट सांगितली ही चूक झाली. तो दर रविवारी डाळ-तांदूळ आणून भरतोय, दिवाणाखाली जागा उरली नाही. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

जीवन चौधरी टोरंटोच्या सुपरमार्केटमधून ट्रॉलीवर ट्रॉली भरून नेतो तो भाग सांगितलात वाटतं. पाणी, डबाबंद जेवण, टॉयलेट पेपर. त्याचं सगळं डब्यांतलं होतं, टिकलं. तुमच्या तूरडाळीला पावसाळ्यात पोरकिडे होणार. डाळीला एरंडेलाचा हात लावून घ्या, आणि दिवाणाखाली ठेवू नका, ओल धरते. आधीची संपल्याशिवाय नवीन आणायची नाही म्हणावं.